असईचे शिंदे रंगवताना

असईच्या लढाईचा (१८०३, शिंदे विरुद्ध इंग्रज) डाव टेबलावर छोट्या खेळण्यातल्या सैनिकांनी मांडायचा, तर शिंद्यांचं अख्खं सैन्य अंगरखा-पगडीत रंगवायचं का, असं एकाने विचारलंय. अख्खं नको! पेंढारी, घोडेस्वार यांना चालेल. तिथे एकाचे कपडे दुसऱ्यासारखे नसले तरच शोभतं. पण लढाईचा खरा भार पोलमनच्या कवायती (युरोपीय पद्धतीने तयार केलेल्या) पलटणींवर होता. हा गडी हॅनोव्हरचा, आधी ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत सार्जंट. त्याच्या पलटणींना लाल कोट, निळी पगडी द्या. होय, लालच! इंग्रजही लाल कोटातच, आणि टेबलावर दोन्ही बाजू लाल दिसल्या की गोंधळ होतो, म्हणून मी एका बाजूच्या सैनिकांच्या तळाच्या कडेला भगवी रेघ मारतो.

रचना सोपी धरा. पोलमनच्या आठ पलटणी, सरधन्याच्या बेगम समरूच्या पाच, द्युपों या डच अधिकाऱ्याच्या चार. तोफा मात्र हात राखून देऊ नका. लढाईनंतर इंग्रजांच्या हाती ९८ लागल्या, आणि शिंद्यांच्या तोफचींनी मेल्याचं सोंग घेऊन इंग्रजांची रांग पुढे गेल्यावर मागून पुन्हा मारा केला. यासाठी डावात वेगळा नियम हवाच.

जमिनीबद्दल: लढाई २३ सप्टेंबरची, म्हणजे पावसाळ्याची अखेर, आणि भोकरदनचा भाग. पिवळं वाळवंट करू नका राव. मी जालन्याचा, बांधावरची काळी माती चहाच्या गाळणीतून चाळून फेव्हिकॉलवर भुरभुरवतो. गाळणी नवी आणावी लागली, तो विषय घरी अजून निघतो.

केळणा आणि जुई या दोन्ही नद्या दाखवा. त्यांच्यामधल्या अरुंद पट्ट्यात शिंद्यांच्या घोडदळाला पसरायला जागाच उरत नाही.