कबर उघडली, अस्थी निशमध्ये गेल्या. मग ‘शरीराचं पुनरुत्थान’ कशाचं?

माहीम_कॅटेकिस्ट
दहावीच्या मुलांना मतांगीकारातलं (ख्रिस्ती श्रद्धेच्या कबुलीतलं) ‘शरीराचे पुनरुत्थान’ हे कलम शिकवायचं आहे. मुलं तीन ठिकाणी अडतात. मुंबईत जागा नाही म्हणून कबर दोनेक वर्षांनी उघडतात, हाडं निशमध्ये (भिंतीतल्या छोट्या कप्प्यात) ठेवतात आणि त्याच मातीत दुसऱ्याला पुरतात. तर उठणार कोण आणि कुठून? दहन झालेल्यांचं काय? आणि आजी ‘देवाघरी गेली’ असं म्हणतो, तर शेवटच्या दिवशी उठायचं काय शिल्लक राहिलं? ‘देवाला सगळं शक्य आहे’ एवढ्यावर मुलांचं समाधान होत नाही, आणि होऊही नये.

दादरचा_वाचक
सर, तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करा. तो सुटला की बाकीचे दोन निम्मे सुटतात.

फळ्यावर तीन शब्द लिहा: पुनर्जन्म, पुनरुज्जीवन, पुनरुत्थान. पुनर्जन्मात आत्मा दुसरं शरीर घेतो. पुनरुज्जीवनात तोच माणूस जुन्याच आयुष्यात परत येतो. लाजरसला येशूने मेलेल्यातून उठवलं, पण पुढे कधीतरी तो पुन्हा मेलाच. पुनरुत्थानात तोच माणूस त्याच्याच शरीरासह उठतो, पण त्या शरीराला पुन्हा मरण नाही. आजवर असा उठलेला एकटा येशू, म्हणून नमुना त्याचाच घ्यायचा. लूकच्या शुभवर्तमानाच्या 24व्या अध्यायात तो भाजलेला मासा खातो, योहानाच्या 20व्यात शिष्य थोमाला जखमा दाखवतो, आणि तरी बंद दारांआड येऊन उभा राहतो. त्याची शिष्या मरीया मग्दालिया आधी त्याला माळी समजते. ओळख तीच, अवस्था वेगळी.

आता ‘देवाघरी’. कॅथलिक शिकवणीत टप्पे दोन. मृत्यूच्या क्षणी प्रत्येकाचा व्यक्तिगत न्याय होतो: स्वर्ग, शुद्धिस्थान (स्वर्गाआधी आत्मा शुद्ध होण्याची अवस्था) किंवा नरक. पूर्ण शुद्ध झालेला आत्मा शेवटच्या दिवसाची वाट न बघता देवाचं दर्शन घेतो, हे पोप बेनेडिक्ट बारावे यांनी 1336 मध्ये ठरवून दिलं, कारण त्यांच्या आधीच्या पोपनी उलट मत मांडल्याने मोठा वाद झाला होता. दुसरा टप्पा युगान्ती: सर्वांचं पुनरुत्थान आणि सार्वत्रिक न्याय. म्हणजे आजी देवाजवळ आहे हे खरं, पण आजी अजून पुरती आजी झालेली नाही. मध्ययुगीन ईशज्ञानी थॉमस अक्वायनस स्पष्ट म्हणतात की माझा आत्मा म्हणजे मी नव्हे. आत्मा सुटला आणि शरीराची कटकट मिटली, ही समजूत आपल्याकडे फार खोल रुजली आहे, ख्रिस्ती घरांतसुद्धा. धडा तिथेच बिघडतो.

वर्गात प्रोटेस्टंट मुलं असतील तर शुद्धिस्थान त्यांच्या माथी मारू नका. 1647 चा वेस्टमिन्स्टर कबुलीजबाब (प्रोटेस्टंटांचं एक श्रद्धापत्र) ते मानत नाही, पण शरीराचं पुनरुत्थान ठामपणे मानतो. ॲडव्हेंटिस्ट (एक प्रोटेस्टंट पंथ) मृत्यू आणि पुनरुत्थान यांच्या मधल्या काळाला जाणीव नसलेली झोप समजतात.

ग्रीक_आणि_मराठी
एक खड्डा खास मराठी वाचकासाठी आहे. 1 करिंथ (पौलाचं करिंथकरांना पहिलं पत्र) 15:44 मध्ये ‘प्राणमय शरीर’ पेरलं जातं आणि ‘आध्यात्मिक शरीर’ उठवलं जातं, असं आपण वाचतो. प्राणमय म्हटलं की आपल्या कानात अन्नमय कोश, प्राणमय कोश वाजायला लागतात, आणि मुलं ‘आध्यात्मिक’ म्हणजे हवेसारखं सूक्ष्म शरीर असं धरून चालतात. मूळ ग्रीक शब्द ‘सिखिकॉन’ आणि ‘न्युमॅटिकॉन’. पहिला ‘सिखे’ म्हणजे जीव यावरून आला, पण आजचं शरीर जिवाचं बनलेलं आहे असं कुणी म्हणत नाही. ते नुसत्या जिवावर चालतं. तसंच दुसरं पवित्र आत्म्यावर चालणारं. फरक कशावर चालतं याचा आहे, कशाचं बनलं आहे याचा नाही.

त्याआधी 37व्या ओवीत पौल गव्हाच्या दाण्याचं उदाहरण देतो. वर्गात मूग भिजवून घेऊन जा. मोड आलेल्या मुगावर जुनं साल चिकटलेलं दिसतं. मोड त्याच मुगाचा, पण मूग आता तसा राहिलेला नाही.

दादरचा_वाचक
मूग उत्तम! त्यालाच जोडून पहिला प्रश्न घ्या. ‘एकाच मातीत दोघे’ ही शंका फार जुनी आहे. नरभक्षकाने खाल्लेलं मांस कुणाचं, असा प्रश्न संत ऑगस्टिन आपल्या ‘देवाचं नगर’ या ग्रंथाच्या 22व्या भागात घेतात आणि मूळ मालकाला परत, असं उत्तर देतात. अक्वायनसचं उत्तर मुलांना जास्त पटेल: जिवंतपणीसुद्धा शरीरातलं द्रव्य बदलत असतं, तरी माणूस तोच राहतो, कारण त्याला घडवणारा आत्मा तोच असतो.

दहनाबद्दल फ्रान्समधल्या लिओं शहराची घटना सांगा. इ.स. 177 मध्ये तिथल्या ख्रिस्ती हुतात्म्यांची प्रेतं जाळून राख ऱ्होन नदीत टाकली, ती मुद्दाम, पुनरुत्थानाची आशाच उरू नये म्हणून. चर्चचा प्राचीन इतिहासकार युसेबियसने हे नोंदवलंय. त्या राखेमुळे एकाही ख्रिस्ती माणसाने हे कलम सोडलं नाही.

धर्मग्राम_कचेरी
दहनाचे नियम, कारण पालक हेच विचारतात. 1886 मध्ये रोमने (व्हॅटिकनने) दहनाला मनाई केली, कारण तेव्हा चर्चविरोधी गट पुनरुत्थान नाकारण्यासाठी त्याचा पुरस्कार करत होते. 1963 मध्ये मनाई उठली. 1983 च्या कॅथलिक धर्मसंहितेत कलम 1176: दफन श्रेयस्कर, दहन चालेल, मात्र श्रद्धेला विरोध म्हणून निवडलेलं नसावं. बहुतेक ऑर्थोडॉक्स चर्चेस आजही दहन मान्य करत नाहीत.

क्रम असा ठेवा: आधी चर्चमध्ये देहासमोर मिस्सा (प्रभुभोजनाची उपासना), मग दहन. कुटुंबं घाईत थेट विद्युतदाहिनीकडे जातात आणि नंतर मिस्सा मागतात. राखेसमोरही मिस्सा होऊ शकते, पण देहावर पवित्र पाणी शिंपडणं, धूप, पास्काची (पुनरुत्थानाच्या सणाची) मेणबत्ती, हे ज्या शरीराचा बाप्तिस्मा झाला त्याच शरीरासाठी असतं. ते मुकू नये.

माहीम_कॅटेकिस्ट
राख गोदावरीत सोडली किंवा घरात फोटोशेजारी ठेवली तर? एका पालकाने हेच विचारलंय.

धर्मग्राम_कचेरी
दोन्ही नाही. रोमच्या 2016 च्या सूचनेनुसार राख विखरायची नाही, पाण्यात सोडायची नाही, नातेवाइकांत वाटायची नाही, लॉकेटमध्ये घालायची नाही; घरी ठेवणं फक्त अगदी अपवादात्मक परिस्थितीत, बिशपांच्या परवानगीने. डिसेंबर 2023 मध्ये थोडी सैल केली: प्रत्येकाचं नाव नोंदलेलं असेल तर अनेकांची राख एका कायमच्या पवित्र जागी एकत्र ठेवता येते, आणि अगदी थोडा भाग त्या व्यक्तीच्या दृष्टीने महत्त्वाच्या ठिकाणी ठेवायची परवानगी मागता येते. दाहिनीतून साधारण दोन-तीन किलो राख येते. म्हणून निशचं माप आधी विचारा आणि झाकण घट्ट बसणारं भांडं त्या मापाचं घ्या. पितळेचा मोठा कलश आणतात आणि तो आत जातच नाही.

दफन असेल तर वार्निश मारलेली जाड पेटी, पॉलिएस्टरचे कपडे आणि प्लॅस्टिकची फुलं टाळा. त्यांनी विघटन लांबतं, आणि ठरल्या वेळी कबर उघडली की घरच्यांना बघवत नाही. वसईकडच्या काही धर्मग्रामांत पेटीऐवजी सुती कापडात दफन करतात, ते म्हणूनच. हाडं काढायच्या दिवशी घरातलं कुणीतरी हजर राहा, आणि निशच्या फरशीवर नाव कोरून होईपर्यंत पिशवीवर नाव-तारखेची चिठ्ठी बांधलेली असू द्या.