आधी फोर्क की आधी टायर?
माउंटन सायकलची अ‍ॅल्युमिनियमची फ्रेम हादरे देते, म्हणून सर्वप्रथम फोर्क (पुढचे चाक धरणारा दुभागी भाग) बदलावा, असे एक मत मांडले जाते; ते मला अर्धेच पटते. ट्यूब असताना रिमचा चिमटा बसून पंक्चर होऊ नये म्हणून हवा जास्त भरावी लागते आणि फ्रेमच्या नावावर खपणारा बराचसा खडखडाट तिथूनच येतो. माझ्या हार्डटेलवर (मागे सस्पेन्शन नसलेल्या सायकलवर) ट्यूब काढून, सीलंट (टायरमधली छिद्रे बुजवणारा द्रव) घालून २.४ इंची टायर ३५ ऐवजी २४ पीएसआयवर (हवेच्या दाबाचे एकक) आणल्यावर पुण्याच्या वेताळ टेकडीच्या सुट्या मुरमावर चाक उसळण्याऐवजी जमीन धरून चालू लागले. (वजनदार चालकाने थोडी अधिक हवा ठेवावी.) त्यानंतर खर्च करायचाच असेल, तर माझ्या मते तो ड्रॉपर सीटपोस्टवर (चालवतानाच सीट खाली-वर करता येणाऱ्या दांड्यावर) करावा, मात्र ३०.९ आणि ३१.६ मिलिमीटर हे पोस्टचे व्यास डोळ्यांना सारखेच दिसत असल्याने जुन्या पोस्टवर कोरलेला आकडा वाचूनच मागणी नोंदवावी.