उन्हाळी शैक्षणिक शिबिरं : पैसे भरून पाठवायचं, की निवडीतूनच?

राजारामपुरीकर
नववी ते अकरावीच्या पोरांसाठी 'समर प्रोग्राम'च्या जाहिराती आता कोल्हापुरातही जोरात आहेत. परवा एका हॉटेलच्या हॉलमध्ये अशीच माहितीसभा झाली. पत्रकावर परदेशी विद्यापीठाची इमारत, दोन आठवड्यांची फी लाखांत. शेवटच्या पानावर बारीक अक्षरात लिहिलेलं, की शिबिर खासगी संस्थेचं आहे, विद्यापीठाची फक्त जागा भाड्यानं घेतली आहे. वर 'आजच नाव नोंदवा, सवलत मिळवा' होतंच.

माझं मत स्पष्ट आहे. जिथं पैसे हीच पात्रता, तिथं पोराला पाठवू नये. इस्रोचं 'युविका' हे अवकाश विज्ञानाचं शिबिर बघा. २०१९ पासून नववीच्या मुलांसाठी चालतं, मे महिन्यात साधारण दोन आठवडे, प्रवास आणि राहणं इस्रोकडून. ऑलिंपियाड म्हणजे विज्ञान-गणिताच्या स्पर्धा परीक्षा; त्यांच्या टप्प्यांतून पुढं गेलेल्यांची शिबिरं मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात होतात. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठात भरणाऱ्या 'आरएसआय' या संशोधन शिबिरालासुद्धा शिकवणी, राहणं-जेवण फुकट, विमानाचं तिकीट तेवढं आपलं.

ताराबाई पार्क
दादा, इतकं सरसकट बोलू नका. आरएसआयला जगभरातून शंभराच्या आसपास मुलं घेतात. बाकीच्यांनी काय घरी बसायचं? माझी मुलगी पैसे भरून पुण्यातल्या एका प्रयोगशाळेच्या शिबिराला गेली होती. इथं प्रॅक्टिकलला सर फळ्यावर आकडे लिहायचे आणि पोरं वहीत उतरवायची. तिथं तिनं पहिल्यांदा स्वतःच्या हातानं टायट्रेशन केलं, म्हणजे रंग बदलेपर्यंत एका द्रावणात दुसरं थेंबाथेंबानं सोडून मोजायचं. एक थेंब जास्त पडला की फिकट गुलाबीचा गडद गुलाबी, की पुन्हा पहिल्यापासून. आता आकडा जुळला नाही तर का जुळला नाही म्हणून डोकं खाते. त्याला मी पैसे मोजले आणि पुन्हा मोजेन.

राजारामपुरीकर
ताई, तुम्ही पैसे दिले ते ब्युरेट, म्हणजे थेंब मोजायची ती काचेची नळी, हातात मिळायला. माझा राग नावाची किंमत लावणाऱ्यांवर आहे. शिकवणार कोण, निवड कशावर, दिवसात काम किती आणि सहल किती, एवढं लेखी मागा. टाळाटाळ झाली की उठून यायचं.

भुदरगडचा मास्तर
निवड न्यायाची असते, हे शहरात बसून म्हणायला सोपं आहे. युविकाच्या निवडीत आठवीच्या गुणांचा वाटा निम्मा. शिवाय विज्ञान प्रदर्शन, ऑलिंपियाड, खेळ, स्काऊट यांचेही गुण. ग्रामपंचायत हद्दीतल्या शाळेच्या पोरांना निवडीत १५ टक्के गुण ठेवलेत, हे फार चांगलं केलं. पण अर्ज येतो वार्षिक परीक्षेच्या तोंडावर. दाखले अपलोड करा, मुख्याध्यापकांची सही घ्या, ऑनलाइन प्रश्नमंजुषा द्या, आणि घरात एकच मोबाईल, तो बापाबरोबर उसाच्या फडात. पोरगं हुशार असून नोंदणीतच बाद.

शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात वसतिगृहं का काढली? शहरात शाळा होती, पण खेड्यातल्या पोराला तिथं राहायला जागा नव्हती. शिक्षण नुसतं फुकट ठेवून भागत नाही, हे त्यांना तेव्हाच कळलं होतं. आज आमच्या पोरांना शेजारी बसून अर्ज भरून देणारं माणूस पाहिजे.

सागरमाळची आई
मला दोन्ही बाजू पटत नाहीत. दहावीचा व्हेकेशन क्लास, त्यावर शिबिर, त्यावर अर्ज. पोरांनी मामाच्या गावाला जायचं कधी?

ताराबाई पार्क
ज्याला ओढ आहे त्यालाच पाठवायचं, ताई. माझ्या धाकट्याला नाही, तो मे महिनाभर आजोळी असतो.

राजारामपुरीकर
मास्तर, तुमचं म्हणणं लागलं. विज्ञान ऑलिंपियाडच्या पहिल्या परीक्षा नोव्हेंबरात असतात, नोंदणी ऑगस्टच्या सुमारास. आम्ही चौघंपाचजण लॅपटॉप घेऊन तुमच्या शाळेत येतो. रविवारी चालेल?

भुदरगडचा मास्तर
रविवारी नको, पोरं भांगलणीला असतात. शनिवारी या, सकाळची शाळा सुटायच्या आत. आठवीचे गुणपत्रक आणि दाखले मी आधीच काढून ठेवतो, म्हणजे युविकाची फाईलही तेव्हाच तयार होईल.