पीएफ-ग्रॅच्युइटीचे 42 लाख आले, महिन्याला हातात किती? (विश्रामबाग, सांगली : सोसायटी ग्रुप)

ए-104 : नमस्कार मंडळी. ऑगस्ट 2025 अखेर 58 पूर्ण झाली, कुपवाड एमआयडीसीतली नोकरी संपली. पीएफ आणि ग्रॅच्युइटी मिळून 42 लाख खात्यावर जमा झालेत. औषधपाणी धरून घरखर्च 24-25 हजार आहे. पैसे कुठं ठेवले म्हणजे पगारासारखे दर महिन्याला हातात येतील? पीएफची पेन्शन सहा हजार बसेल असं धरलंय. पेन्शनसाठी धरतात तो 15 हजारांचा पगार गुणिले नोकरीची वर्षं भागिले 70.

सी-302 : काका, अभिनंदन! आमच्या ओळखीची पतसंस्था आहे, साडेनऊ टक्के देतात. चेअरमन घरचेच आहेत, उद्या गाठ घालून देतो.

डी-101 : पतसंस्था नको ओ. वडिलांचे ठेवलेले पैसे अजून निघेनात. तिथंही सगळे घरचेच होते.

बी-201 काकू : भाऊजी, मी पोस्टाच्या काउंटरवर नोकरी केली, म्हणून सांगते. आधी पेन्शनचा आकडा नीट करा. तुम्ही सप्टेंबर 1999 ला लागलात ना? ऑगस्ट 2014 पर्यंतची 15 वर्षं पगाराच्या जुन्या 6,500 च्या मर्यादेनं धरतात. 6,500 × 15 ÷ 70 म्हणजे 1,393. पुढची 11 वर्षं 15,000 नं, म्हणजे 2,357. बेरीज 3,750. नोकरी 20 वर्षांच्या वर असल्यामुळे 2 वर्षं वाढीव मिळतील, तरी चार हजारांच्या आसपासच. शिवाय या पेन्शनला महागाई भत्ता नाही.

ए-104 : चार हजारच? पगार 48 हजार होता वहिनी.

बी-201 काकू : पगार कितीही असला तरी पेन्शनच्या खात्यात मालकाकडून महिन्याला जास्तीत जास्त 1,250 च जात होते. उरलेले तुमच्या पीएफमध्ये पडले, तेच आता या 42 लाखांत आहेत. म्हणजे तुमची खरी पेन्शन या रकमेतून उभी करायची आहे. ती एकदा हातची गेली की 58 व्या वर्षी परत कुठून आणणार?

डी-101 : पेन्शन लगेच सुरू न करता 60 पर्यंत थांबलं तर वाढते ना?

बी-201 काकू : हो, वर्षाला 4 टक्के. चार हजारांवर ती वाढ तीनशे-सव्वातीनशे. त्यासाठी दोन वर्षांचे लाखभर रुपये सोडायचे, घरात दुसरी कमाई नसताना मी तरी थांबणार नाही.

आता माझा हिशेब. 24 लाख पोस्टातल्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत. व्याज 8.2 टक्के, दर तिमाहीला 49,200, म्हणजे महिन्याला 16,400. वहिनींचं नाव जोडीनं लावा. 9 लाख मासिक उत्पन्न योजनेत, 7.4 टक्क्यांनी महिन्याला 5,550. वर पेन्शनचे चार हजार. झाले 26 हजारांच्या जवळपास. दोन लाख दवाखान्यासाठी बँकेत, लगेच काढता येतील असे.

सी-302 : काकू, पण ज्येष्ठ नागरिक योजनेला 60 वय लागतं ना?

बी-201 काकू : निवृत्तीचे पैसे असले तर 55 च्या पुढं चालतं. पण पैसे मिळाल्यापासून तीन महिन्यांच्या आत खातं उघडायला हवं, सोबत कंपनीचा निवृत्तीचा दाखला. मिळालेल्या रकमेपेक्षा जास्त भरता येत नाही आणि वरची मर्यादा 30 लाख. ही मुदत हुकली की साठीपर्यंत थांबा. माझ्या काउंटरवरून माणसं तशी परत गेलीत, भाऊजी. तेव्हा मुदत एकच महिन्याची होती.

आणि पतसंस्थेचं स्पष्टच सांगते. बँक बुडाली, अगदी सहकारी असली, तरी 5 लाखांपर्यंत ठेवीला विमा आहे. पतसंस्थेच्या ठेवीला तो नाही. सव्वा टक्का जास्त मिळतो म्हणून जन्माची कमाई तिथं नको. सी-302, तुझ्या मनात वाईट नाही हे मला ठाऊक आहे.

सी-302 : विम्याचं माहीत नव्हतं काकू. राहू दे मग ते.

ए-104 : 35 लाखांचं झालं. सात उरले. पोरगा पुण्यात फ्लॅट बघतोय, ते त्याला द्यावेत असं मनात आहे.

डी-101 : काका, पोरग्याला बँक कर्ज देते. आपल्या म्हातारपणाला देत नाही.

बी-201 काकू : अगदी खरं. 6 टक्क्यांची महागाई धरली तर आजचा 25 हजारांचा खर्च बारा वर्षांनी 50 हजार होतो. पोस्टाचं व्याज तेवढंच राहतं, उलट पाच वर्षांनी मुदत वाढवताना त्या वेळचा दर लागतो, तो कमीही असू शकतो. ते सात लाख म्हणजे तुमच्या सत्तरीनंतरचा घरखर्च आहे. चांगल्या म्युच्युअल फंडात टाका, वरखाली होणार हे धरून चाला, आणि दहा वर्षं हात लावू नका. मग त्यातून दोघांपैकी कुणीही असेपर्यंत मिळणारी विमा कंपनीची पेन्शन घ्या. वय जास्त असलं की तिचा दरही जास्त मिळतो, म्हणून आज घाई नको. तुमच्या माघारी वहिनींना पीएफची पेन्शन निम्मीच मिळणार, तेवढ्यात त्यांचं भागणार नाही.

ए-104 ची सौ. : ताई, हे मला आजवर कुणी सांगितलंच नव्हतं. माझं आधारवर नाव वेगळं आहे, पीएफच्या कागदावर पुढं बाई लावलंय. चालेल का?

बी-201 काकू : नाही चालणार वहिनी, आत्ताच दुरुस्त करून घ्या. पुढं तुम्हाला एकटीला पीएफ ऑफिसच्या खेपा घालायला लागू नयेत. आधी नाव, मग पेन्शनचा 10-डी फॉर्म, जोडीचा फोटो लावून.

ए-104 : पोरग्याला आज रात्री फोन करून सांगतो. कंपनीत दाखल्याला सोमवारी जातो.

बी-201 काकू : दाखल्यावर पैसे मिळाल्याची तारीख घालून घ्या. आणि दोघांचे आधार, पॅन, फोटो घेऊन मंगळवारी घरी या, फॉर्म मी भरून देते.