मदत हवी आहे: मुंबई ते न्यूयॉर्क विमान नक्की किती तास?

गोदाकाठ:
आई पहिल्यांदाच एकटी चालली आहे. तिकिटावर मुंबई सुटणार 1:10, न्यूयॉर्क पोचणार 6:55, तारीख तीच. पावणेसहा तासांत अमेरिका कशी येईल? एजंट फोन उचलत नाही. प्रत्यक्ष प्रवास किती तासांचा, एवढंच सांगा. घाई आहे.

डोंगरवाट:
दोन्ही वेळा तिथल्या तिथल्या घड्याळाच्या असतात. फरक साडेनऊ तासांचा. म्हणजे सव्वापंधरा तास.

सोनचाफा:
महिना विचारलात का? नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडे घड्याळं तासभर मागे घेतात, मग फरक साडेदहाचा. आणि विमान थेट आहे ना?

गोदाकाठ:
थेट. 15 नोव्हेंबर.

सोनचाफा:
मग सव्वासोळा.

डोंगरवाट:
पटत नाही. अंतर साधारण साडेबारा हजार किमी. ताशी 900 धरा, 14 तासच होतात.

निळाई:
ते कागदावर. वर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे असतात, जाताना ते समोरून येतात. येताना तेच पाठीशी, म्हणून परतीला वेळ कमी. त्यात एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना हद्द बंद केली, तेव्हापासून वळसाही पडतो.

रमाकाकू:
एवढं बसवू नका हो त्यांना. आम्ही दुबईला उतरून गेलो, पाय मोकळे झाले.

सोनचाफा:
काकू, एकट्या बाईंना अनोळखी विमानतळावर दुसरं गेट कशाला शोधायला लावायचं? थेटच बरं. व्हीलचेअर आधी सांगून ठेवा.

पाटणकर_ठाणे:
लोणच्याची बरणी हातातल्या बॅगेत ठेवू नका. आमची काढून घेतली.

गोदाकाठ:
लोणचं नाहीये. आई रोज रात्री नऊला चोवीस तासांचं इन्सुलिन घेते, म्हणून तास हवे होते.

निळाई:
अहो, हे आधी सांगायचं! आपले रात्रीचे नऊ म्हणजे तिकडे तेव्हा सकाळचे साडेदहा. त्यांनी तिकडच्या रात्री नऊची वाट पाहिली तर दोन इंजेक्शनांत साडेचौतीस तास जातील. डोस कसा सरकवायचा ते त्यांच्या डॉक्टरांनाच विचारा, इथल्या कुणाचं ऐकू नका. इन्सुलिन हातातल्या बॅगेतच ठेवा, सामानात गोठू शकतं. डॉक्टरांची चिठ्ठीही सोबत असू द्या.

सोनचाफा:
आणि 15 तारखेचं 1:10 म्हणजे 14 च्या मध्यरात्रीनंतरचं. मुंबईतच राहता का?

गोदाकाठ:
पुण्यात.

सोनचाफा:
मग 14 ला दुपारी चारपर्यंत निघा. रात्री नऊला आई विमानतळावर असतील. तिथलं इंजेक्शन वरच्या कप्प्यात ठेवा, बॅग उपसायला लागू नये.

गोदाकाठ:
गाडी 15 ला संध्याकाळची सांगितली होती! आत्ता फोन करून बदलली. डॉक्टरांकडे उद्या सकाळी जातोय.