पर्वरी: पत्र्याच्या खोल्यांतल्या मुलांसाठी पाच हजारांत काय घेऊ?

मांडवीकाठ: गोव्यात पर्वरीला बांधकामाच्या साइटवर पत्र्याच्या खोल्यांत आठ कुटुंबं आहेत, मुलं बारा. इमारत पुरी झाली की ती दुसरीकडे हलणार. पावसाआधी काहीतरी द्यायचंय. बजेट 5,000, त्यापुढे जमणार नाही. दप्तरं घेऊ?

खाजन: ताडपत्रीच घ्या. पातळ निळी वाऱ्यात रिंगांपाशी फाटते, म्हणून जाड, 200 जीएसएमची (चौरस मीटरला 200 ग्रॅम). प्रत्येक रिंगेतून दोरी ओवा, उतार ठेवा. वर दगड ठेवू नका, घासून भोक पडतं. खोलीमागे एक.

सुरंगी: आठ ताडपत्र्या पाच हजारांत? शिवाय छप्पर ठेकेदाराचं काम. बांधकाम कामगारांची राहायची सोय मालकानं फुकट करायची, हे 1996 च्या कायद्यातच होतं. आपण दिलं की तो सुटतो.

खाजन: तो हलेपर्यंत तान्ही पोरं भिजू द्यायची?

केपेंकर: दप्तराआधी शाळेत नाव आहे का बघा. शिक्षण हक्क कायद्यानं 6 ते 14 वयाला जन्मदाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, आधीच्या शाळेचा दाखला यायचा म्हणून थांबवताही येत नाही. वयाप्रमाणे वर्ग मिळतो. सरकारी प्राथमिक शाळा बहुतेक मराठी, मुलं कानडी किंवा हिंदी बोलणारी. पहिले महिने कुणीतरी रोज बसवून शिकवलं नाही तर ती गळतात. सहाच्या आतली आणि गरोदर बाया अंगणवाडीत.

आबोली: ताडपत्रीला माझंही मत. पण सगळ्यात स्वस्त नि उपयोगी वस्तू म्हणजे चेनवाली प्लॅस्टिक फाइल, घरटी एक. लसीचं कार्ड भिजलं की पुढच्या आरोग्य केंद्रात कुठले डोस झाले ते कळत नाही. गोवर-रुबेलाचा दुसरा डोस 16 ते 24 महिन्यांत असतो, नेमका जागा बदलताना राहून जातो. जुलाबासाठी ओआरएसही (मीठ-साखरेची पूड) ठेवा, एक लिटरचं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच. अर्धं पाकीट पेल्यात ढवळतात, ते घातक. जुने कपडे मात्र नेऊन ओतू नका.

सुरंगी: आणि एकटं भटकणारं मूल दिसलं तर 1098 या मुलांसाठीच्या हेल्पलाइनला फोन करा. आईबापांजवळ आहे, फक्त गरीब आहे, म्हणून त्याला उचलून नेऊ नये.

मांडवीकाठ: आभार. आयांना विचारलं. नऊ मुलांची नावं शाळेत आहेत, पण पावसात चालत जायचं म्हणून खाडे होतात. तेव्हा रेनकोट, दप्तरावरून बसतील असे एक माप मोठे. उरलेल्यांत आठ फाइली. ताडपत्री नाही, ठेकेदाराशी बोलते. शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात जातेय.

खाजन: रेनकोट जूनमध्येच फाटतात. ताडपत्री घ्या.