शब्दचर्चा: काउलिंग, इंजिनबदली, इंजिनबदल

प्रश्न: जुन्या पिस्टन लढाऊ विमानांवरच्या मजकुराचा अनुवाद करतोय. इंजिनाभोवतीच्या पत्र्याच्या खोळीला, ‘काउलिंग’ला, झाकण म्हणू, आवरण की बॉनेट? आणि इंजिन रिप्लेसमेंटला काय?

प्रतिसाद १: बॉनेट मोटारीलाच राहू द्या. काउलिंग नुसतं झाकत नाही, हवेला वाट देतं. रेडियल इंजिनात (सिलिंडर चाकाच्या आऱ्यांसारखे मांडलेले) सिलिंडरांवरून किती हवा जाईल हे काउलिंगच्या मागच्या कडेच्या झडपा ठरवतात; जमिनीवर त्या बंद राहिल्या तर सिलिंडर हेड तापतात. म्हणून अख्ख्या जोडणीला ‘काउलिंग’, त्यातल्या सुट्या पत्र्याला ‘झाकण’. ‘आवरण’ लिहिलंत तर फेअरिंगला (हवा सुरळीत वाहावी म्हणून सांध्यांवर बसवलेला पत्रा) शब्द उरणार नाही.

प्रतिसाद २: इंजिनासाठी दोन शब्द ठेवा. मर्लिन (रोल्स-रॉइसचं पिस्टन इंजिन) उतरवून ओव्हरहॉल केलेलं त्याच मार्कचं, म्हणजे उपप्रकाराचं, मर्लिन चढवलं, ती ‘इंजिनबदली’. जातच बदलली, तो ‘इंजिनबदल’. स्पॅनिश लढाऊ विमान बुचोन बघा: सांगाडा जर्मन मेसरश्मिट १०९ चा, इंजिन मर्लिन. मूळच्या डीबी (डेमलर-बेंझ) ६०५ इंजिनाचे सिलिंडर खाली लोंबतात, मर्लिनचे वर. त्यामुळे एक्झॉस्टच्या नळ्या वर गेल्या आणि नाकाखाली गळा फुगला. बुचोन हे फुगऱ्या गळ्याच्या कबुतराचंच नाव. असं विमान परत डीबीवर न्यायचं तर नुसतं इंजिन आणून भागत नाही. सुपरचार्जर (इंजिनात हवा दाबून भरणारं यंत्र) डाव्या बाजूला येतो, म्हणजे हवेचं तोंडही तिकडे. इंजिन धरणारे बेअरर, तेलाची टाकी, काउलिंग सगळं नव्यानं.

प्रश्नकर्ता: मग ब्रिटिश स्पिटफायर विमानाला मर्लिनऐवजी रोल्स-रॉइसचंच मोठं इंजिन ग्रिफन, हा बदलच ना?

प्रतिसाद २: बदलच. २७ लिटरचं ३६.७ लिटर झालं, सिलिंडरच्या दोन्ही रांगांवर काउलिंगला लांबट फुगवटे आले. त्यांना ‘फुगवटा’च म्हणा, ‘उंचवटा’ जमिनीचा वाटतो. शिवाय ग्रिफनचा पंखा उलट फिरतो: उड्डाणाच्या धावेत मर्लिनचं विमान डावीकडे ओढतं, हे उजवीकडे. रडर ट्रिम (शेपटीच्या सुकाणूचा कल ठरवणारी सोय) विरुद्ध बाजूला लावावा लागतो, आणि सवयीचा हात इथेच चुकतो.

प्रतिसाद ३: साध्या बदलीतही ‘झाकणं परत लावली’ असं एका वाक्यात उरकू नका. ही झाकणं हातानं बसवलेली असतात, एका विमानाची दुसऱ्याला लागत नाहीत. काढतानाच नंबर टाका. लावल्यावर एक्झॉस्टभोवती फट राहते का ते बघा. पत्रा घासला की भोकापासून तडा जातो. नवं भोक पाडायचं तर त्याचा मध्य कडेपासून रिव्हेटच्या व्यासाच्या किमान दुप्पट आत हवा. या ‘बसवण्या’ला ‘जुळवणे’ हे क्रियापद जास्त बरोबर आहे.